रागावायचे असल्यास सोमवारी यावे

रविवारी मिस्त्रींचं दुकान बंद असायचं आणि शटरवर खडूने लिहिलेलं असायचं : 'आज बंद. रागावायचे असल्यास सोमवारी यावे.'

लोक रागावायचेच. ज्याच्या विहिरीवरची मोटार शनिवारी जळाली, त्याने रविवारी काय करायचं? पीक काही रविवार पाळत नाही. अनसिंगच्या अलीकडच्या आमच्या सात-आठ गावांत जळालेली मोटार भरून देणारा, म्हणजे आतलं काळं पडलेलं तांबं उपसून नवी तार गुंडाळून देणारा, हा एकच माणूस. आणि तो तर रविवारी पहिल्या एसटीने वाशीमला उपासनेला निघून जायचा. सोमवारी सकाळी माणसं खरोखरच शिव्या घेऊन यायची. मिस्त्री त्यांना स्टूल द्यायचे, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं? आता मोटार दाखवा."

गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचंच. बायको कधीच वारलेली, मुलगी अकोल्याला दिलेली. उंच, पुढे वाकलेला माणूस. चष्म्याची एक काडी मोडलेली, ती तांब्याच्या तारेने बांधलेली. हात मात्र असे की त्यांनी नट हाताने आवळला तर दुसऱ्याला तो पान्यानेही सुटू नये. आता ते नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मुलीकडेच वारले. पण स्टँडवर उतरलो की अजून माझी नजर आधी त्या शटरकडे जाते.

त्यांची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. ते सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे. शाळेतल्या पोरांना तुमी, बकऱ्यांना तुमी, रस्त्यात आडव्या पडलेल्या कुत्र्यालासुद्धा, "उठा, उठा, गाडी येऊन राह्यली." खोललेल्या मोटारीत डोकं घालून ते पुटपुटायचे, "काहून दमल्या इतक्या? कोनी पानी नसतानी चालवलं तुमाले?" मोटार जळाली असं ते कधी म्हणत नसत. दमली म्हणायचे.

एकदा कोणीतरी त्यांची छत्री नेली. दुकानाच्या दारातल्या खिळ्याला लटकवलेली, नवीकोरी. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याच खिळ्याला छत्रीचं कव्हर लटकवलेलं. मी विचारलं, "हे काय, मिस्त्री?"

"कव्हर राह्यलं ना त्यायचं. बिना कव्हराची छत्री लवकर फाटते."

आम्ही पोट धरून हसलो. कव्हरही दोन दिवसांत गेलं. मिस्त्रींना बरं वाटलेलं दिसलं.

त्यांच्या शेजारी चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाल्याला त्यांची जागा हवी होती, म्हणून तो रोज सकाळी उष्टं पाणी, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, सगळं मिस्त्रींच्या दारात लोटायचा. मिस्त्री खराटा घ्यायचे, आपलं दार झाडायचे, आणि तसेच पुढे सरकत हॉटेलवाल्याचंही दार झाडून काढायचे. बाकंसुद्धा उचलून. हे वर्षभर चाललं. शेवटी हॉटेलवालाच कावला. गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "तुमी मले शरम आनून राह्यले का?"

"नाही भाऊ," मिस्त्री म्हणाले. "हात एकदा चालू झाला का थांबतच नाही."

कचरा बंद झाला. जागा मात्र मिस्त्रींनी सोडली नाही. हे लोकांच्या ध्यानात राहत नसे. त्यांना वाटायचं, मिस्त्री म्हणजे मऊ माणूस, कोणीही यावं आणि टपली मारून जावं. मऊ माणूस हॉटेलवाल्याच्या आधी दुकान सोडून गेला असता. मिस्त्री उलटून मारत नसत आणि जागचे हलतही नसत.

कोणी कोणी त्यांच्यामागे कुजबुजायचं की हा माणसं बाटवायला बसला आहे. एकाने तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मी मोटारी भरतो बाप्पा. मानसं भरनारा येगळा हाये."

हे सगळं मला तेव्हा बावळटपणाचं वाटायचं. मी बागाइती करणारा माणूस. तीन एकरांत मेथी, कोबी, टमाटे काढायचे, पहाटेच्या जीपने वाशीमच्या बाजारात घालायचे. चार दाण्यांसाठी चाळीस जणांशी भांडावं लागतं. तिथे छत्रीमागे कव्हर देणाऱ्याचं काय काम?

आणि मग एक दिवस, भर बाजाराच्या दिवशी, मीच त्यांच्या कानाखाली मारली.

कारण सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल.

बाबांनी आम्हा दोघा भावांची वाटणी केली तेव्हा विहीर माझ्या हिश्शात आली. धाकट्याचं वावर लागूनच. तीन दिवस पाणी माझं, तीन दिवस त्याचं, असं बाबांनी चार लोकांसमोर ठरवून दिलं होतं. ते असेतोवर चाललं. नंतर त्या फाल्गुनात धाकट्याचा बैल सुटला आणि माझी मेथी तुडवून गेला. मी बोललो, तो बोलला, बायका बोलल्या. त्याने माझ्या बायकोला जे ऐकवलं ते मला सोसलं नाही. मी गेलो आणि त्याच्या बाजूचा पाण्याचा वॉल बंद केला. वर साखळी घातली, कुलूप लावलं. त्याची वांगी ऐन फुलोऱ्यात होती.

एक आठवडा गेला. वांग्यांची पानं दुपारी माना टाकायची, सकाळी थोडी उठायची. मी आपल्या वावरातून ते रोज पाहत होतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मग एका सकाळी विहिरीवर गेलो तर स्टार्टरच्या पेटीपासून मोटारीपर्यंतची केबल गायब. दीडशे फूट, तांब्याची. दोन्ही टोकं सफाईने कापलेली.

तेव्हा आमच्या भागात केबलचोरी सारखी होत होती, त्यामुळे घरातलं कोणी माझ्या मनातही आलं नाही. हॉटेलवर चर्चा झाली. तांबं चोरून जातं कुठे? जो तांब्याचा धंदा करतो त्याच्याकडे. आणि एकाने सांगितलं, आदल्या संध्याकाळी अंधार पडायच्या बेताला एक जड पोतं मिस्त्रींच्या दुकानात जाताना त्याने पाहिलं होतं. आणणारा पाठमोरा होता.

मी तडक दुकानात गेलो. बाजाराचा दिवस, दहा-अकराची वेळ, स्टँड माणसांनी भरलेला. मिस्त्री मांडीवर मोटार घेऊन तारेचे वेढे देत होते.

"माही केबल कुठी हाये?"

"माह्यापाशी नाही."

"पोतं आलं होतं काल तुह्या दुकानात. लोकायनं पाह्यलं."

मी अरे-तुरेवर आलो होतो. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "पोतं आलं होतं," ते म्हणाले. "मी घेतलं नाही. परत गेलं."

"कोनी आनलं होतं?"

"ते मी आज सांगत नाही. आठ दिसानं सांगतो."

"काहून? आठ दिस काहून?"

"तसा शब्द देल्ला हाये."

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. आवाज एवढा झाला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळली. त्यांचा चष्मा एका कानावरून निसटून लोंबकळला. त्यांनी तो काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि उभे राहिले. मी उंचीने त्यांच्या खांद्याला लागतो. ते हात खाली सोडून माझ्यासमोर उभे राहिले, चेहरा पुढे करून. मला वाटलं आता मारतील. मी तयार होतो. खरं तर मला तेच हवं होतं.

"अजून मारायचं असंल तं मारा," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच. "पन केबल मी घेतली नाही. आनि नाव आठ दिसाच्या आंधी सांगनार नाही. दुकान उघडं हाये, सारं पाहून घ्या."

मी सगळं पाहिलं. फळ्या उपसल्या, तारेची बंडलं फेकली, वार्निशचा डबा लवंडला. काही सापडलं नाही. मी दमून उभा राहिलो तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पानी प्या. दमले तुमी."

मी स्टुलाला लाथ मारून निघून आलो.

लोकांनी त्यांना सांगितलं, पोलिसात जा, एवढी माणसं साक्षीला आहेत. ते गेले नाहीत. पुढे कितीतरी दिवसांनी हॉटेलवाल्याने मला सांगितलं ते इथेच सांगतो. त्या दिवशी सगळे पांगल्यावर मिस्त्रींनी शटर अर्धं ओढून घेतलं, आणि आतून लाकडी हातोडीचा आवाज येत राहिला. ठक, ठक, ठक, तासभर. हॉटेलवाला चहा घेऊन वाकून आत गेला तर मिस्त्री एका रिकाम्या लोखंडी सांगाड्यावर हातोडी आपटत बसले होते. घामाने निथळलेले. त्याला पाहून म्हणाले, "ठेवा चहा. अजून थोडा राह्यला हाये माहा."

तिसऱ्या दिवशी जीपवाला माझ्या वावरात एक जुनी केबल टाकून गेला. ठिकठिकाणी जोड दिलेली, पण चालू. "मिस्त्रीनं धाडली. तुमची भेटेतवर वापरा म्हने."

गावात लगेच झालं : चोराने माल परत करायला सुरुवात केली. मीही तेच म्हणालो. केबल जोडली, माझ्या टमाट्यांना पाणी दिलं, आणि हॉटेलवर बसून चार जणांना सांगितलं की बुढा घाबरला. हे मी केलं आहे. मिस्त्रींकडे मोटारी येणं त्या आठवड्यात निम्म्यावर आलं.

आठव्या दिवशी ते माझ्या वावरात आले. पायी, तीन किलोमीटर, डोक्यावर दुसरी एक जुनी छत्री. माझ्याशी बोलायच्या आधी त्यांनी धुऱ्यावरून, म्हणजे आमच्या दोन वावरांमधल्या बांधावरून, धाकट्याला हाक मारली. तो आला. धुऱ्याच्या पलीकडेच थांबला.

"भाऊ," मिस्त्री त्याला म्हणाले, "आठ दिस झाले. तुमी सांगता का मी सांगू?"

धाकटा मातीकडे पाहत राहिला.

मिस्त्री मग माझ्याकडे वळले. "केबल यायनं कापली. पोतं घेऊन हेच आले होते. मी म्हनलं, मी घेत नाही. आठ दिसाच्या आत भावाले सोता सांगा, नाही तं मी सांगीन. यायनं सांगतलं नाही."

मला आठवतं, त्या क्षणी मला सगळ्यात आधी आठवला तो माझ्या हाताचा आवाज, दुकानातला. मग तो आठवू नये म्हणून की काय, मी फावड्याचा दांडा उचलला आणि धाकट्यावर धावलो.

मनगट मध्येच धरलं गेलं. मी जोर केला, हलेना. चाळीस वर्षं तारेला पीळ देणारा तो हात होता.

"सोड मले!"

"नाही."

"माहा भाऊ हाये. माहं मी पाहून घेईन. मी तुले मारलं तवा गुमान उभा होता ना? आता काहून मधात येतो?"

"तवा माहा गाल होता," मिस्त्री म्हणाले. "तो मी देल्ला. यायचा गाल माहा नाही, मले देता येत नाही."

दांडा माझ्या हातून पडला. धाकटा तसाच उभा होता, पळाला नाही. मिस्त्रींनी माझं मनगट सोडलं आणि त्याच हाताने साखळी घातलेल्या वॉलकडे दाखवलं.

"केबल यायनं कापली. पानी तुमी कापलं."

मला राग आवरेना. मग जे मनात आलं ते बोललो. "तुह्या प्रभूनं हेच सांगतलं का तुले? दुसऱ्याच्या वावरात येऊन भांडनं उकराले?"

"प्रभूनं सांगतलं, वाईट करनाऱ्याले वाईट देऊ नको," ते म्हणाले. "पन वाईट पाह्यलं का गुपचूप घरी जाय, असं नाही सांगतलं. हे मोटारीसारखंच हाये. तांबं आनि लोखंड एकमेकाले टेकलं का मोटार दमते. मधात कागद घालाच लागते. कागदाची ताकत कितीशी? पन तो सरकला नाही पायजे."

आणि ते धुऱ्यावर बसले. छत्री उघडून. काही मागितलं नाही, 'कुलूप काढ' असंही म्हटलं नाही. बसले, ते संध्याकाळपर्यंत. दिवस मावळला तेव्हा उठून गेले. मी सुटलो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात पोचायच्या आधी ते तिथे होते. सोबत डबा आणि पाण्याची बाटली.

मी दुर्लक्ष केलं. निंदणी करत होतो, पण पाठीवर त्यांची नजर आहे असं वाटायचं. वळून पाहावं तर ते भलतीकडेच पाहत असायचे, वांग्यांकडे. दुपारी बायको भाकरी घेऊन आली. तिने आधी त्यांना चटणी-भाकरी वाढली, मग मला. मी डोळे वटारले तर म्हणाली, "म्हातारं मानूस उनात बसलं हाये आनि तुमी कुलुपाची किल्ली कमरेले लावून फिरून राह्यले. मले भाऊजीनं जे म्हनलं होतं ते मी इसरून गेली. तुमीच काहून घोकता?"

त्याच दुपारी पहिला शेतकरी मोटार घेऊन वावरात आला. स्टँडवर दुकान बंद, मिस्त्री कुठे, तर माझ्या धुऱ्यावर. तो मिस्त्रींना काही बोलला नाही. मला बोलला. तिसऱ्या दिवशी तीन मोटारी आल्या, एक बैलगाडीतून. मिस्त्रींनी हातोडी, तार, कागद सगळं मागवून घेतलं आणि पळसाच्या सावलीत मोटारी खोलायला सुरुवात केली. मोटारींचे मालक आजूबाजूला बसले. एकाचा ऊस सुकत होता, दुसऱ्याचा कांदा. सगळे माझ्याकडे असं पाहत होते, जणू जगातलं सगळं पाणी मीच कुलपात ठेवलं आहे.

"मिस्त्री," एक जण मोठ्याने म्हणाला, "कवाशिक उठता इथून?"

"मले घाई नाही," मिस्त्री म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमारास मी कुलूप काढलं. चांगुलपणा आला म्हणून नाही. हट्टात तो माणूस मला जिंकणार नाही, असं समजत होतो, आणि तो जिंकला म्हणून. लाइन, म्हणजे वीज, तेव्हा होतीच. पाणी पाइपातून खरखरत धाकट्याच्या सरीत पडलं. तो पलीकडे फावडं घेऊन उभा होता. त्याने वाकून पाणी वळवायला सुरुवात केली, माझ्याकडे पाहिलं नाही.

मिस्त्रींनी हातातली मोटार पूर्ण केली, सामान गोळा केलं, कपडे झटकले. "येतो," म्हणाले. मला वाटलं होतं आता दोन शब्द सुनावतील. जाताना त्यांनी फक्त धुऱ्यावर पडलेला तारेचा एक तुकडा उचलला. "कोनाच्या पायात जाईन," म्हणाले.

पाणी सुरू झालं, बोलणं सुरू झालं नाही. दहा-बारा दिवसांनी धाकट्याने केबल परत आणून विहिरीवर ठेवली, मी नसताना. मी मिस्त्रींची जुनी केबल द्यायला दुकानात गेलो, मनात माफी जुळवत. त्यांनी केबल घेतली, स्टूल दिलं. मी बसलो, आणि माफी सोडून भलतंच विचारलं : "तुमाले राग येतच नाही का?"

ते हसले. "लय येते. लहानपनापासून." मग जरा वेळ तार सरळ करत राहिले. "अकोल्याले कारखान्यात होतो, तुमच्यावानी वय. सोबतचा एक जन बापावरून बोलला. मी हातोडा फेकून मारला. लोखंडाचा. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. त्याचाबी हाच धंदा होता, वाइंडिंगचा. अंगठ्याबिगर तार वढता येत नाही." त्यांनी आपला अंगठा पाहिला. "तो बरा होऊन आला तवा मले वाटलं आता हा माहा जीव घेते. त्यानं नाही घेतला. म्हने, तुह्या अंगठ्यानं माहा अंगठा येते का? तवापासून मी ठरवलं. सभाव नाही हा माहा, भाऊ. ठरवलेलं हाये. रोज ठरवाव लागते. तुमी मारलं त्या दिशी तं दोनदा ठरवाव लागलं."

मी म्हणालो, "माही चूक झाली."

ते म्हणाले, "मले मालूम हाये." आणि पुढे, माझ्याकडे न पाहता, "बाजाराच्या दिशी मारलं होतं तुमी."

एवढंच. मला आधी कळलं नाही. घरी जाताना रस्त्यात कळलं. चारशे माणसांत मारलं होतं आणि चार भिंतींत माफी मागत होतो. त्यांच्यावर चोरीचा डाग होता तो स्टँडवर होता, दुकानात नव्हता.

पुढच्या बाजाराला मी गेलो. तीच दहा-अकराची वेळ. मिस्त्रींच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "आयका सारे. मी या मानसाले इथं मारलं होतं. केबल यायनं घेतली नव्हती. मी खोटा आळ घेतला. वरतून यायची केबल वापरली आनि यायलेच चोर म्हनलं."

माणसं गोळा झाली. हॉटेलवाला किटली हातात घेऊन बाहेर आला. मिस्त्री दुकानातून उठून दारात आले. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मंग घेतली कोनी?"

याचा मी विचारच केला नव्हता. नाव जिभेवर होतं. नाव घेतलं असतं तर सगळं सरळ झालं असतं. माझी चूक अर्धी झाली असती. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते काही खूण करत नव्हते. दाराच्या चौकटीला टेकून शांत उभे होते, एखादी मोटार चालू होते का नाही ते पाहत उभे राहायचे तसे.

"केबल माह्याच घरी होती," मी म्हणालो.

सगळा स्टँड हसला. घरातली केबल घरात आणि हा गावभर चोर शोधत फिरला! एकाने विचारलं, खाटेखाली होती का. दुसऱ्याने आणखी काही म्हटलं. माझे कान तापले, मुठी वळल्या. मी त्या उघडल्या. पुन्हा वळल्या. पुन्हा उघडल्या. हसणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. एवढं लांब हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याच्या घरी नव्हती. माह्या घरी होती."

धाकटा. वांग्याचं पोतं डोक्यावर तसंच घेऊन गर्दीच्या कडेला उभा होता. वांगी बाजारात आणण्याजोगी झाली होती, हे मला तेव्हाच कळलं.

"म्या कापली होती केबल," तो म्हणाला. पोतं त्याने खाली ठेवलं. आवाज फुटत होता, पण शब्द स्पष्ट होते. "यायनं मले आठ दिस देल्ले होते. म्या तोंड उघडलं नाही. म्हनून यायनं मार खाल्ला. हसाचं असंल तं मले हसा."

कोणी हसलं नाही. धाकटा दुकानाच्या पायरीपर्यंत आला, माझ्या बाजूला उभा राहिला. आम्ही दोघं असे एकत्र कधी उभे राहिलो होतो ते मला आठवेना. मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आणि स्टँडवरचा दिवा लागला. पानठेल्यावरचा रेडिओ खरखरला.

"लाइन आली!" कोणीतरी ओरडलं.

बस्स. बागाइतदारांचं गाव. मिनिटाभरात गर्दी फुटली, जो तो मोटारसायकलीला लाथा मारत वावराकडे सुटला. मिस्त्रीही आम्हाला हातानेच 'जा, जा' करत आत वळले. त्यांना काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. पुढे मी एकदा विचारलं, तर त्यांना आठवत नव्हतं.

धाकट्याने पोतं हॉटेलवाल्याकडे ठेवलं आणि माझ्या गाडीवर मागे बसला. पाळी कोणाची होती याचा हिशोब गेल्या महिन्याभरात पार बिघडला होता. मी म्हणालो आधी तुझ्याकडे, तो म्हणाला आधी तुझ्याकडे. मी म्हणालो मोठा मी आहे, तो म्हणाला मोठा आहेस तर जास्त बोलू नको. आवाज चढले. समोरून येणाऱ्या गाडीवाल्याने आम्ही भांडतोय असं समजून वेग कमी केला. विहिरीवर पोचलो तरी ठरलं नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून दोन्ही वावरांतली माती मुठीत दाबून पाहिली. माझ्याकडची जास्त कोरडी निघाली. तो म्हणाला, "पाय, म्हनलं होतं ना," आणि स्वतःच्या बाजूचा वॉल आवळून माझ्या टमाट्यांकडे पाणी सोडायला धावला.